मुंबई, लाँचमधून आणि ३१व्या मजल्यावरून

मे महिन्यात भाचीच्या हट्टापायी घारापुरीला गेलो. गेटवेवरून लाँच सुटली, ताज मागं पडला आणि मुंबई दोन्ही बाजूंना पसरतच गेली. नुसत्या इमारती. भाची म्हणाली, "मामा, एवढ्या लोकांना पाणी कुठनं येतं?"

"आपल्याकडनं, बाय."

तिला खरं वाटलं नाही. कसं वाटेल? तिच्या गावची विहीर मार्चमध्येच तळ गाठते.

तानसा धरण १८९२चं. पुढं मोडकसागर, भातसा, २०१४ला मध्य वैतरणा. मुंबईला रोज साडेतीन हजार दशलक्ष लिटरहून जास्त पाणी जातं, त्यातलं निम्म्याच्या आसपास एकट्या भातसाचं. मुरबाडकरांनी हसू नये, तुमची बारवी पण शहरं आणि कारखानेच पाजते.

संध्याकाळी परळला नातेवाइकांकडे गेलो, ३१वा मजला. माहुलीवर चढून तानसाचं पाणी कितीदा पाहिलंय, ते कुठवर चढतं ते त्या दिवशी पाहिलं. खाली शेजारच्या टॉवरचा निळाशार तरणतलाव. त्याला लागून पत्र्याची वस्ती, नळापाशी हंड्यांची रांग. म्हणजे आपलं पाणी तिथंही सगळ्यांना सारखं पोचत नाही, हेही लिहायलाच हवं.

रात्री आसनगावला उतरून घरी आलो. आईनं टँकरचे दोन ड्रम भरून ठेवलेले, तिसरा रिकामाच. पुढचा टँकर परवा. भाचीनं हात धुवायला तांब्या घेतला, अर्धाच भरला.