लव्हाळ्याच्या गाठी

गिरगावात तळमजल्यावर राहण्याचे तोटे पुष्कळ. फायदा एकच, मागची माती. आमच्या वाडीत ती दोन चटया अंथरता येतील एवढी. एका कडेला तुळस, दुसऱ्या कडेला पारिजातक, मधे गवती चहा, ओवा आणि मिरच्या. ऊन अकरा ते दोन, तेही समोरच्या टॉवरच्या मर्जीने.

चार वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये लाल मातीच्या दोन गोणी आणल्या. पहिला पाऊस झाला आणि आठवड्याभरात मिरच्यांच्या रोपांतून हिरव्या सुया वर आल्या. गवत समजून उपटल्या. चार दिवसांनी पाहते तर दुप्पट. फुलोऱ्याचा एक दांडा चिमटीत धरून फिरवला, तर तीन कडा बोटांना लागल्या. लव्हाळा! गोणीतून फुकट आलेला.

सासूबाई दारात स्टुलावर बसून बघत होत्या. "अगं, पिकले केस उपटल्यासारखी काय उपटतेस? खाली खण."

खुरप्याने वीतभर खणलं. पात्याखाली सुपारीहून लहान, काळपट गाठ. तिच्यातून निघालेला सुतळीसारखा दोरा दुसऱ्या गाठीला, तिथून तिसरीला. मी वरून पाती तोडत होते आणि खाली निजलेल्या गाठी एकेक जाग्या होत होत्या. लव्हाळ्याची नम्रता शाळेत शिकवतात, त्याच्या गाठींबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही.

एक गाठ नखाने खरवडली, तर भर जुलैत अभ्यंगस्नानाचा वास आला.

"नागरमोथा तो," सासूबाई म्हणाल्या. "उटण्यात असतो. दिवाळीत पैसे मोजून आणतेसच की!"

तो पावसाळा लव्हाळ्याने जिंकला. पुढच्या मे महिन्यात मी मिरच्यांच्या वाफ्यातली माती घमेल्याने गच्चीवर नेली, रेतीच्या चाळणीने चाळली आणि जुन्या फ्लेक्सवर पसरली. ओल असेपर्यंत गाठ जिवंत, पुरती वाळली की मेली. एवढ्या एका गोष्टीवर सगळा डाव. शेजारी कुरडया घालणाऱ्या काकूंनी विचारलं, "यंदा मातीचं वाळवण का गं?" चाळणीत दोन डबे भरून गाठी निघाल्या. त्या खताच्या पिंपात टाकायचा मोह टाळला. नाहीतर खताबरोबर पुन्हा वाफ्यात आल्या असत्या.

दुसरा उपाय अळवाचा. लव्हाळ्याला सावली सोसत नाही आणि मोकळी माती मुंबईच्या पावसात आठ दिवसही मोकळी राहत नाही. मोरीच्या कडेला अळू लावलं. पानं पसरली तशी खालची पाती पिवळी, लुळी पडली. वड्याही झाल्या.

बाकीच्या तणांशी ज्याच्या-त्याच्या स्वभावाप्रमाणे वागते. घोळ उपटून सरळ पातेल्यात. केना उपटून कुंडीच्या काठावर ठेवला, तर पावसात तिथेच मुळं धरतो. शिवाय मातीखालीही फुलून बी करतो, म्हणून तो लहानपणीच, मुळासकट. एकदांडीचं फूल पांढरं म्हातारं होऊन उडायच्या आत. भिंतीच्या फटीतला पिंपळ दोन पानांचा असतानाच, कारण पुढच्या वर्षी तो भिंत घेऊनच निघेल. आघाडा मात्र गणपतीपर्यंत राखते. दादरच्या फुलबाजारात पत्रीसाठी जुडी विकत घेण्यापेक्षा हे बरं. पण विसर्जनानंतर तो ठेवत नाही. बी धरली की साडीला चिकटून घरभर फिरते.

आता रोज सकाळी चहा मुरेपर्यंत खुरपं घेऊन एक फेरी. यंदा जूनपासून लव्हाळ्याची अकरा पाती निघाली, प्रत्येक गाठीसकट.

परवा सासूबाईंनी आतून विचारलं, "संपला का गं तो?"

"नाही अजून."

"मग बरंय. संपला म्हणालीस की खुरपं माळ्यावर टाकशील."