पालापाचोळ्याचे पाहुणे

सिडनीत वसंत सप्टेंबरात सुरू होतो आणि त्याची वर्दी इथेही कोकीळच देतो. आपल्या कोकिळाचा हा जवळचा नातलग न्यू गिनी आणि इंडोनेशियाकडून उडत येतो आणि मार्चपर्यंत मुक्काम ठोकतो. नर तसाच काळाभोर, डोळे तसेच लाल. आपल्याकडे कोकिळेला कावळ्याचं घरटं लागतं. इथली मादी वॅटलबर्ड किंवा मॅगपाय-लार्कच्या घरट्यात अंडं टाकून मोकळी होते. पहाटे तीनला हे महाशय बागेतल्या झाडावरून टिपेला पोचले की गल्लीतल्या निम्म्या घरांची झोप उडते. "आमच्याकडे याच्यावर गाणी आहेत," असं मी शेजारीणबाईंना सांगितलं. "लिहिणाऱ्यांना सकाळी कामावर जायचं नसेल," त्या म्हणाल्या.

नवीन जालन्याहून फोन आला की आई आधी पक्ष्यांची चौकशी करते, मग नोकरीची. पिवळ्या तुऱ्याचा पांढराशुभ्र काकाकुवा तिनं फक्त पिंजऱ्यात पाहिलेला. इथं तो थव्यानं येतो आणि कचऱ्याच्या पेटीचं झाकण चोचीनं उचलून, कडेकडेनं चालत मागे उलटवतो. या उद्योगावर 'सायन्स'मध्ये 2021 साली संशोधन छापून आलं. 2018 पूर्वी सिडनी परिसरातल्या तीनच उपनगरांतून अशी झाकणं उघडल्याच्या खबरा होत्या. 2019 संपेपर्यंत त्या 44 उपनगरांतून येऊ लागल्या. काकाकुवे एकमेकांचं पाहून शिकत होते. लोकांनी झाकणावर विटा ठेवल्या, तर काही पक्षी विटा ढकलायला शिकले.

कुकाबुरा हा आपल्या खंड्याच्या कुळातला, त्या कुळातला सगळ्यात वजनदार. मासे तो क्वचितच खातो. सरडे, किडे, लहान साप हे त्याचं जेवण. परसात शेगडी पेटवून मांस भाजणाऱ्या माणसाच्या हातून तुकडा उचलून नेण्यात मात्र त्याचा हातखंडा.

पण सिडनीच्या बागेतला खरा नग म्हणजे ब्रश टर्की. कोंबड्यापेक्षा बराच मोठा, अंगानं काळा, डोकं उघडं आणि लालभडक, नराच्या गळ्याशी पिवळी झोळी, शेपूट उभी चपटी. ही जात अंड्यांवर बसत नाही. नर पायांनी मागे मागे उकरत सगळ्या बागेतला पाचोळा, माती, काटक्या एका जागी ओढून आणतो. ढीग चारेक मीटर रुंद आणि मीटर-दीड मीटर उंच होतो. त्यात माद्या येऊन अंडी पुरतात आणि निघून जातात. आंब्याची अढी घालावी तशी ही व्यवस्था: कुजणाऱ्या पाल्याची ऊब अंडी उबवते. नर चोच आत खुपसून ऊब जोखतो आणि साधारण 33 ते 35 अंश राहावी म्हणून कधी पाला चढवतो, कधी उतरवतो. सातेक आठवड्यांनी पिल्लू स्वतःच ढीग उकरून बाहेर येतं. आई नाही, बाप ओळख देत नाही. काही तासांत ते उडायला लागतं.

आमच्या मागच्या घरातल्या गृहस्थांनी हौसेनं लावलेल्या रोपांखालचा सगळा पाला असा एका नरानं पळवला. रोपंही निम्मी त्यात गेली. त्यांनी ढीग मोडला, त्यानं तो परत रचला. कायद्यानं हा पक्षी संरक्षित आहे, त्यामुळे त्याला इजा करता येत नाही. 1930 च्या दशकातल्या मंदीत लोकांनी मांसासाठी आणि अंड्यांसाठी ब्रश टर्की मारून खाल्ले होते. संरक्षण मिळाल्यावर ते हळूहळू शहराच्या उत्तरेकडच्या उपनगरांत परतले. शेवटी गृहस्थांनी कोपरा त्याला देऊन टाकला आणि कुंड्या जाळीत ठेवल्या.

आता साळुंकीकडे येते. इथं तिचं नावच 'इंडियन मायना' आणि ते प्रेमानं घेतलं जात नाही. 1862 च्या सुमारास मेलबर्नच्या भाजीमळ्यांतले किडे खावेत म्हणून तिला मुद्दाम आणलं गेलं. आज ती जगातल्या शंभर सर्वाधिक उपद्रवी परक्या जातींच्या यादीत आहे. झाडांच्या ढोल्या बळकावून ती इथल्या पोपटांना बेघर करते. गावोगावी तिच्यासाठी सापळे लावले जातात. राग मी समजू शकते, पण एक गोष्ट कोणी मोठ्यानं बोलत नाही. साळुंकी फोफावते ती आखूड कापलेल्या हिरवळीवर, छपरांच्या फटींत, झुडपं काढून मोकळ्या केलेल्या अंगणात. झुडपं दाट असलेल्या बागेत तिचं फारसं जमत नाही. नीटनेटक्या बागेत मला दिसतात ते पक्षी चारच: साळुंकी, पारवा, चिमणी आणि ठिपकेवाला होला. चारही बाहेरून आणलेले. आणि चारही आपल्या ओळखीचे.

म्हणून नवीन जालन्यातून दादानं पाठवलेल्या एका फोटोचं मला इतकं अप्रूप वाटलं. जूनच्या तोंडावर, पहिल्या वळवानंतर, घरामागच्या लिंबाखाली नवरंग उतरला होता. हिरवी पाठ, निळा खांदा, पिवळसर छाती, पोटाखाली लाल, डोळ्यांवर काळी पट्टी, शेपूट नावापुरती. हिवाळा दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत काढून हा पक्षी पावसाच्या सुमारास विणीसाठी उत्तरेकडे सरकतो. प्रवास रात्रीचा. थकला की जिथं सावली दिसेल तिथं उतरतो. कधी काचेवर आपटतो, कधी थेट घरात शिरतो. खाणं मात्र त्याला एकाच ठिकाणी मिळतं: पाचोळ्यात. पानं उलटत, उड्या मारत तो किडे आणि गांडुळं टिपतो.

दादाच्या परसात तो उतरला याचं कारण सोपं आहे. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे लिंबाखालची जागा बरेच दिवस झाडली गेली नव्हती. कुंडलिका नदीच्या अलीकडे-पलीकडे, जुन्या आणि नवीन जालन्यात, आता अंगणात फरशी नाहीतर सिमेंटचे ब्लॉक बसतात, झाडाचा पाला ढीग करून पेटवला जातो. मग तिथं उतरतात तेच पारवे आणि त्याच साळुंक्या. म्हणजे सिडनीतल्या चकचकीत बागेत आणि आपल्या फरसबंद अंगणात एकच यादी. वेगळा पक्षी इथे काय, तिथे काय, पाला पडून राहतो तिथेच येतो.

ऑस्ट्रेलियात 2014 पासून दर ऑक्टोबरात लोक वीस मिनिटं एका जागी बसून पक्षी मोजतात. भारतातही 2013 पासून फेब्रुवारीत चार दिवस अशी गणना होते आणि त्यासाठी पंधरा मिनिटं पुरतात. तेव्हा नवरंग दिसणार नाही. धोबी दिसेल, भोरड्यांचा थवा दिसेल, नशीब असेल तर हुदहुद. मोजा आणि नोंदवा. आणि उन्हाळा संपताना एवढं करा: झाडाखालचा एक कोपरा झाडू नका, तिथला पाला जाळू नका. परळभर पाणी शेजारी ठेवा. शेजारी नावं ठेवतील, त्यांना खुशाल सांगा की पाहुणे यायचे आहेत.