पत्रिकेतली नावं

मॉनिटर जेवढा मोठा तेवढा चांगला, असं मी कितीतरी वर्षं धरून चाललो होतो. खरं सांगायचं तर त्यात कामाची सोय कमी आणि मोठेपणा जास्त होता. मंचरच्या माझ्या डीटीपीच्या दुकानात गिऱ्हाईक शिरलं की त्याची नजर आधी पडद्यावर जावी, एवढंच मला हवं होतं. म्हणून ३२ इंची घेतला. खोक्यावर कॉन्ट्रास्टचा आकडा लाखांत होता, तोही खरा मानला.

डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींना परवानगी दिली आणि आंबेगाव-जुन्नरच्या यात्रांमधले शर्यतींचे घाट पुन्हा गजबजले. यात्रापत्रिकांची कामं वाढली. गाडामालक, देणगीदार, मानकरी, तमाशाचा फड, सगळी नावं त्यात दाटीवाटीनं बसवायची असतात. एक नाव चुकलं तरी माणूस दुखावतो, आणि ते रास्तच आहे.

त्या गडबडीत आमची ऑपरेटर मुलगी प्रूफ बघायला नव्या मॉनिटरवर बसेना. "दादा, जुन्यावरच बघते." मला राग आला. तिनं वाद घातला नाही. तीच फाइल, छापील मापाएवढी, दोन्हीकडे उघडली. जुन्या १९ इंचीवर 'शिंदे'मधला अनुस्वार वेलांटीपासून सुटा, स्वच्छ दिसत होता. माझ्या ३२ इंचीवर तो वेलांटीच्या वळणात मिसळून गेला होता. मी पुढे वाकलो, मागे सरकलो, चष्मा पुसला. फरक पडेना. अनुस्वार आहे की राहिलाय हेच कळत नसेल, तर इतके दिवस मी वाचत काय होतो? लोकांची नावं माझ्या भरवशावर होती आणि मी पडद्याची रुंदी मिरवत होतो.

मग हिशेब केला. १९२० बाय १०८० ठिपके ३२ इंचांवर पसरले की इंचाला जेमतेम ६९ येतात. जुन्या चौकोनीवर, १२८० बाय १०२४ ला, ८६ येत होते. २४ इंचीवर तेच १९२० बाय १०८० इंचाला ९२ पर्यंत जातात. लाखांतला कॉन्ट्रास्ट तर मागचा उजेड दृश्यागणिक कमी-जास्त करून मिळवलेला. साध्या आयपीएस पॅनलवर एका वेळी दिसणारा खरा फरक हजारास एकच्या आसपास असतो.

पुढच्या खरेदीला नारायणगावला गेलो तो पेनड्राइव्हमध्ये यात्रापत्रिका घेऊनच. दुकानदाराला आधी भडक मोड काढायला लावला. मग बाजूला, गिऱ्हाईक उभं राहतं तिथून, हळदीचा पिवळा बघितला. एका स्वस्त पॅनलवर तो तिरका बघताच मळकट झाला. शेवटी २४ इंची आयपीएस ठरला. पण ऑपरेटर मुलगी समोर बसून सगळी नावं वाचून हो म्हणेपर्यंत मी किंमत विचारली नाही.