हात कुणाचा?

मी वेबसाइट तयार करण्याचं काम करते. नांदेडच्या आमच्या घरातली एक खोली, हेच माझं दुकान. 'स्पा' हा शब्द मात्र या घरात कधी कुणी उच्चारला नव्हता. आमच्याकडे मालिश म्हणजे बाळंतिणीचं मालिश. दाई सव्वा महिना रोज सकाळी यायची, दार लावायची, तेल कोमट करायची आणि अंगाला हात लावण्याआधी विचारायची, "कहाँ दुखरा बेटा?"

लातूरच्या एका स्पाचं काम माझ्याकडे आलं. मालकांची तक्रार होती, "लोक वेबसाइट बघतात, पण बुकिंग करत नाहीत." मी रंग बदलले, अक्षरं मोठी केली, फोटो सजवले. दोन महिने गेले, फरक पडला नाही. चूक माझीच होती. जिच्यासाठी हे सारं करत होते, तिला मी काही विचारलंच नव्हतं.

डेन्मार्कचे याकोब नीलसन हे या विषयातले जाणकार. त्यांनी २००० साली लिहिलं की, वेबसाइट पाच जणांना वापरायला दिली तरी तिच्यातल्या बहुतेक अडचणी समोर येतात. मात्र आपण शिकवायचं नाही. माणूस कुठं अडतो, ते गप्प बसून पाहायचं. मी लोहा-अहमदपूर मार्गे एस.टी.नं लातूर गाठलं. तिथं चौघी भेटल्या. पाचवी घरातच होती, अम्मी.

पहिली शिक्षिका. मोबाइल नंबर लिहिताना ती थांबली. "मेसेज येईल ना? माझा मोबाइल घरात सगळेच बघतात."

दुसरी पाण्यानं भरलेल्या टबचा फोटो पाहून हसली. "एप्रिल २०१६मध्ये आम्हाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्या लातुरात हा टब?"

तिसरी किल्लारीकडची. १९९३च्या भूकंपात पाय मोडलेला, आत अजून सळई. तिनं अख्खा फॉर्म भरला आणि विचारलं, "हे कुठं लिहायचं?" तेल गुलाबाचं हवं की चंदनाचं, हे फॉर्म विचारत होता. दुखण्यासाठी त्यात जागाच नव्हती.

चौथी माझ्यासारखीच, शेख. आमच्यात आधी शेख, मग नाव, मग वडिलांचं नाव. फॉर्मला आडनाव शेवटी हवं होतं, तिथं तिच्या अब्बांचं नाव जाऊन बसलं. तिनं ते खोडलं आणि थांबली. "आडनाव लागतंच का? भाड्याचं घर बघताना ते सांगितलं की खोली नेमकी कालच गेलेली असते." गप्प बसण्याचा नियम मला त्या दिवशी फार जड गेला.

नांदेडला परतल्यावर अम्मीच्या हाती मोबाइल दिला. उघडी पाठ आणि तिच्यावर दोन हात, असा पहिलाच फोटो. अम्मीनं तो डोळ्यांजवळ नेला. "ये हात कौनका है? औरत का कि मरद का?"

मला सांगता येईना. फोटो विकत घेतलेला, कुठल्या देशातला कोण जाणे. पण चौघींच्या अडखळण्यामागं बरंचसं हेच होतं. खोलीत कोण असेल? मी आले हे कुणाला कळेल? आणि माझं ऐकून घेतील का?

मालक आधी कुरकुरले. "आडनावाशिवाय वही कशी लिहायची?" म्हटलं, नुसत्या नावानं लिहा. शेवटी तयार झाले. आता पहिल्याच पानावर लिहिलंय : बायकांसाठी बायकाच, दाराला आतून कडी. टब गेला, खऱ्या खोलीचा फोटो आला. मेसेज पाठवायचा की नाही, ते ज्याचं त्यानं ठरवायचं. आणि फॉर्मचा पहिला प्रश्न, कुठं दुखतं? जुनी दुखापत किंवा ऑपरेशन आहे का?

किल्लारीकडच्या बाईंचं बुकिंग आलं, तेव्हा त्यांनी त्या जागेत लिहिलं होतं, 'उजव्या पायाला हात लावू नये.' पाच शब्दांच्या जागेसाठी त्या इतके दिवस थांबल्या होत्या.

अम्मी काही स्पात जायची नाही. त्या रात्री मी तेल कोमट केलं, तिच्याजवळ बसले आणि विचारलं, "कहाँ दुखरा अम्मी?" तिनं मुकाट्यानं डावा गुडघा पुढं केला. तो दुखतो हेच मला ठाऊक नव्हतं.