बुडालेल्या गावाचे गाणे

शिक्षकाने विद्यार्थ्यांच्या चुका दाखवाव्या अशी रूढी आहे. आज मी माझी स्वतःची एक चूक तुम्हांपुढे मांडीत आहे.

आठ वर्षांपूर्वी नववीच्या वर्गात मी भुजंगप्रयात शिकवीत असता शेवटच्या बाकावरचा एक मुलगा बोटांनी बाक वाजवीत होता. मी त्याची वही हिसकावून घेतली. तीत यमके जुळविलेल्या पुष्कळ ओळी होत्या. एकही कोणत्या वृत्तात बसत नव्हती. "हे काव्य नव्हे, बडबड आहे," असे मी सर्वांसमक्ष म्हणालो. वर्ग हसला; तो हसला नाही. वही माझ्या कपाटातच राहिली.

गेल्या उन्हाळ्यात त्याचे वडील मजकडे आले. "सर, पोरानं नोकरीतली सारी शिल्लक गाण्यांत घातली. तुमचं ऐकेल तो. जरा समजावा." उपदेशाची चार वाक्ये मनात जुळवून मी त्यांच्याबरोबर मंचरला गेलो.

त्याच्या भाड्याच्या खोलीच्या भिंतींवर गोधड्या टांगलेल्या होत्या. आवाज घुमू नये म्हणून ही योजना! एक माइक, एक संगणक, एवढेच साहित्य. त्याने आजीच्या जात्याची घरघर ध्वनिमुद्रित करून तिचा ताल बांधला होता. त्या तालावर तो शब्द बोले. एकेक कडवे वीस-वीस वेळा म्हणे. मग निवडलेले आवाज एकमेकांत मिसळी. अशी आठ गाणी सिद्ध झाली होती. पाठीशी कोणतीही कंपनी नव्हती. ठराविक शुल्क घेऊन गाणी श्रोत्यांपर्यंत पोचविणाऱ्या संस्थेकडे ती द्यावयाची. मालकी त्याचीच राहावयाची. एका श्रवणामागे हाती येणार ते काही पैसे.

"मग हा खटाटोप कशासाठी?" मी विचारले.

तेव्हा त्याने मलाच धडा दिला. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात एका मुलीने शाळेच्या कपड्यांसाठी पैसे जमावे म्हणून नाचगाण्याचा कार्यक्रम योजिला. तीत तिच्या भावाने, कूल हर्कने, तबकड्या वाजविल्या. हिप-हॉपचा जन्म त्या रात्रीपासून मानतात. पुढे मुंबईत 'स्वदेसी' नावाचा तरुणांचा मेळा उभा राहिला. त्यात एमसी मवाली मराठीत म्हणतो. २०१९ साली आरे वनातील गायक प्रकाश भोईर यांच्यासह त्यांनी 'वारली रिव्हॉल्ट' हे गीत केले, आणि २०२० साली 'चेतावनी' हा संग्रह काढला.

"सर, आरेच्या झाडांचं गाणं होतं, तर आमच्या आंबेगावचं का नको?"

वाचकहो, आपल्या शेजारच्या तालुक्याला ज्या गावाने नाव दिले ते गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. कचेरी घोडेगावी, आणि नाव बुडालेल्या गावाचे! कुकडी प्रकल्पाच्या ज्या पाण्यावर आपले मळे डोलतात, त्या पाण्यात कोणाची तरी चूलही आहे. हे मी वर्षानुवर्षे भूगोल म्हणून जाणत होतो. त्या दिवशी ते ऐकले. गाण्यात त्याची आजी एकेका घराचे नाव घेते, आणि प्रत्येक नावानंतर जाते एक फेरा फिरते. शेवटी नावे संपतात. जाते तेवढे फिरत राहते.

वडील उंबऱ्याशी बसले होते. गाणे थांबले. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग ते म्हणाले, "पुन्हा लाव."

माझी चारही वाक्ये घशातच राहिली.

परतताना नारायणगाव लागले. लहानपणी तेथील तमाशाच्या राहुट्यांकडे पाहण्याचीही आम्हांस बंदी होती. विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींनी गौरविले, तरी आम्ही मान वळवूनच जात राहिलो. ज्याने उभ्या आयुष्यात एकदाही कान दिला नाही, त्याने वृत्ताची परीक्षा कोणत्या अधिकाराने केली होती?

संग्रह बाहेर पडला त्या संध्याकाळी घरापुढच्या अंगणात एक भोंगा लावला होता. चाळीसेक माणसे जमली. मुखपृष्ठावर आजीचे नाव नातवाच्या नावाच्या वर होते. तिला वाचता येत नाही. तिने त्यावरून बोट फिरविले. मी ती जुनी वही त्याच्या हाती दिली. त्याने पान उघडले. तांबड्या शाईत माझा शेरा होता: 'वृत्तभंग'. या खेपेस तो हसला.

त्याने एकेक कडवे वीस वेळा म्हटले, हे विद्यार्थ्यांनी ध्यानी धरावे. पालकांनी मुलाचा खर्च मोजण्यापूर्वी त्याचे गाणे एकदा पुरते ऐकावे. आणि आम्हां शिक्षकांनी? आपापली कपाटे उघडून पाहावी.