द्यूताध्यक्ष कोठे आहे?

द्यूताचा मोह मनुष्यजातीला केव्हापासून जडला हे सांगणे कठीण आहे. परंतु त्यापायी होणारा पश्चात्ताप मात्र आपल्या वाङ्मयात अगदी आरंभापासून नोंदला गेला आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात एक जुगारी आपल्याच विनाशाची कहाणी सांगतो. नळासारखा पुण्यश्लोक राजा पुष्करापुढे राज्य हरतो आणि अरण्याची वाट धरतो. कौरवसभेतील प्रसंग तर शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो. तो शिकविताना मी एका गोष्टीकडे मुलांचे लक्ष मुद्दाम वेधतो. डाव शकुनी टाकीत होता, आणि हे कपट आहे असे म्हणणाऱ्याला दाद देईल असा एकही अधिकारी त्या सभेत नव्हता.

आपल्या प्राचीन शास्त्रकारांनी या प्रश्नाचा विचार केलेला आहे, आणि त्यात त्यांचे एकमत नाही. मनूच्या मते राजाने द्यूत आणि प्राण्यांवर लावावयाच्या पैजा, ज्यांना समाह्वय म्हणत, आपल्या राज्यातून समूळ नाहीशा कराव्यात. कौटिल्याची दृष्टी निराळी. त्याने अर्थशास्त्रात द्यूताध्यक्ष नावाचा स्वतंत्र अधिकारीच नेमला आहे. द्यूत एकाच ठिकाणी चालावे, अन्यत्र खेळणाराला बारा पण दंड व्हावा, फासे आणि कवड्या अध्यक्षाने तपासून द्याव्यात, त्या बदलणाराला शासन व्हावे आणि जिंकलेल्या द्रव्यातून शेकडा पाच राजभाग घ्यावा, अशी त्याची व्यवस्था आहे. द्यूत चांगले आहे असे त्याचे म्हणणे नव्हे. चोर आणि गुप्तपणे उपजीविका करणारे लोक उजेडात यावेत, हा त्याचा हेतू. याज्ञवल्क्यही याच पंथाचा. राजाला भाग मिळत असेल आणि खेळ उघडपणे सभिकाच्या देखरेखीखाली चालत असेल, तर जिंकणाराला त्याचे धन मिळवून देण्याची जबाबदारी राजाची, असे तो सांगतो.

हे सारे मला ग्रंथातले, म्हणून निरुपद्रवी वाटत असे. 2025 च्या एप्रिलमध्ये, आयपीएलचे सामने ऐन रंगात असताना, माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. हिशेबात हुशार, आता एका खाजगी कंपनीत लेखापालाच्या हाताखाली काम करणारा. बराच वेळ इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर तो म्हणाला, "सर, तुमचे वाचन मोठे आहे म्हणून विचारतो. पैज लावण्यासाठी सरकारी परवान्याची साइट चांगली की बाहेरच्या देशातली?"

हळूहळू सारी हकीकत बाहेर आली. कोणीतरी व्हॉट्सअॅपवरून त्याला एक आयडी दिला होता. पैसे भरताना प्रत्येक वेळी नव्याच माणसाच्या बँक खात्यात पाठवावे लागत. पहिल्या महिन्यात थोडे जिंकलेले पैसे परत आलेही. पुढे पडद्यावर शिल्लक 84,000 रुपये दिसू लागली; पण काढावयास गेला, तर बोनसच्या दसपट रकमेचा खेळ पुरा करावा अशी अट पुढे आली, आणि ती पुरी करता करता शिल्लक आटली. मग खिशातले दीड लाख गेले. बहिणीच्या लग्नासाठी साठविलेले ते पैसे. आठ महिने घरात कोणाला याचा पत्ता नव्हता. आता त्याला "विश्वासाची" साइट हवी होती, ती गेलेले पैसे भरून काढण्यासाठी.

त्याला नीतीचा एखादा पाठ ऐकवून वाटेला लावणे सोपे होते. परंतु विद्यार्थ्याने प्रश्न विचारला की त्याचे उत्तर देणे हा शिक्षकाचा धर्म आहे. म्हणून त्याच्याबरोबर मी तो प्रश्न नीट तपासला, आणि जे हाती आले ते येथे वाचकांपुढे ठेवतो.

नियंत्रित आणि परदेशस्थ यांत अंतर आहे, आणि ते मोठे आहे. इंग्लंडचे उदाहरण घ्यावे. तेथे 2005 च्या कायद्याने जुगारावर देखरेख करणारा आयोग स्थापन झाला. परवानाधारकाला ग्राहकाचे वय आणि ओळख पडताळावी लागते. एप्रिल 2020 पासून क्रेडिट कार्डावर जुगार खेळू देता येत नाही. ज्याला स्वतःचाच भरवसा वाटत नाही त्याने गॅमस्टॉप या यंत्रणेत नाव नोंदविले, की ऑनलाइन परवाना असलेल्या सर्व कंपन्यांची दारे त्याला एकदम बंद होतात. तंटा झाला तर तक्रार ऐकून घेणारी जागा आहे. थोडक्यात, तेथे द्यूताध्यक्ष आहे.

परदेशस्थ साइटवर यांपैकी काहीच नाही. कॅरिबियन समुद्रातील क्युरासाओसारख्या बेटाचा परवाना पानाच्या तळाशी छापलेला असतो. तो खरा मानला, तरी हैदराबादच्या माणसाने दाद मागावयास तेथे कसे जावे? आणि व्हॉट्सअॅपवरचे आयडी तर पुष्कळदा तेवढाही आडोसा ठेवीत नाहीत. ज्या परक्या खात्यांत पैसे भरले जातात ती फसवणुकीच्या पैशासाठीही वापरली जात असली, तर तपासात ती गोठविली जातात आणि त्यांच्याशी व्यवहार करणाराचे खातेही अडकते. अशा ठिकाणी शिल्लक म्हणजे केवळ पडद्यावर उमटलेला आकडा. चोराच्या हातची लंगोटी हाती लागली तरी नशीब.

"मग सर, आपल्याकडची परवान्याची साइट कोणती?" त्याने विचारले. इथे मात्र मला त्याला सांगावे लागले की क्रिकेटच्या पैजेसाठी अशी साइट त्याच्यापुरती नाहीच. पैज आणि जुगार हा आपल्या घटनेप्रमाणे राज्यांचा विषय. तेलंगणाने 2017 मध्ये कायदा दुरुस्त करून पैशाचे ऑनलाइन खेळही बंद केले. देशी कंपन्या आमच्या राज्यातील ग्राहकाला स्थळ पाहून परत पाठवीत. परदेशी साइट स्थळाची चौकशी करीत नसे. शिवाय 1872 च्या करार कायद्याचे तिसावे कलम पैजेचा करार निरर्थक ठरविते. जिंकलेले धन कोर्टातून वसूल करता येत नाही. याज्ञवल्क्याने जी हमी दिली, ती इथे कोणी देत नाही.

उघड आणि कायदेशीर पैजेची जागा शहरात आहे ती मलकपेठच्या घोड्यांच्या शर्यतीची. घोडदौड हा कौशल्याचा खेळ, असे सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये म्हटले. रमीविषयी याच अर्थाचा निर्णय त्याआधी 1967 मध्ये झाला होता, आणि तो खटला निघाला होता आमच्याच सिकंदराबादच्या एका क्लबातून, फसली 1305 च्या हैदराबाद जुगार कायद्याखाली. कौशल्य आणि दैव यांच्यामधली ती रेषा पुढे अर्धशतकाहून अधिक काळ देशभर प्रमाण मानली गेली. 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन पैशाच्या खेळांपुरती ती पुसून टाकली. नव्या कायद्याला 22 ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. असे खेळ चालविणाराला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाराला दोन वर्षे आणि पन्नास लाख. खेळणाराला मात्र शिक्षा नाही. संसदेने मनूचा पक्ष घेतला म्हणावयाचा.

कौटिल्याच्या बाजूनेही आपल्याकडे बोलले गेले आहे. न्यायमूर्ती लोढा समितीने 2016 मध्ये क्रिकेटवरील पैज कायदेशीर करण्याची सूचना केली. विधी आयोगाने जुलै 2018 च्या 276 व्या अहवालात म्हटले की संपूर्ण बंदी अमलात आणता येत नसेल, तर कडक नियमन हाच मार्ग उरतो. कागदावरच्या बंदीने प्रामाणिक दुकान तेवढे मिटते; गल्लीतले अंधारे दार उघडेच राहते. नोव्हेंबर 2023 मध्ये केंद्र सरकारने महादेव बुकसह 22 बेकायदा अॅप व संकेतस्थळे बंद केली. पण एक पत्ता बंद झाला की दुसरा उघडावयास वेळ लागत नाही. बंदी करणे सोपे. ती राखणे कठीण. म्हणून राज्याच्या कारभारापुरता माझा कौल आजही कौटिल्याकडे झुकतो.

परंतु त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर एवढ्याने पुरे होत नव्हते. मी त्याला कागद-पेन्सिल दिली. बरोबरीच्या दोन संघांवर साइट शंभराला 190 रुपये देऊ करते असे धर. एकाने या बाजूला शंभर लावले, दुसऱ्याने त्या बाजूला. जमा दोनशे, देणे एकशे नव्वद, दहा रुपये मालकाचे. म्हणजे लागलेल्या प्रत्येक शंभरामागे पाच. हजाराच्या शंभर पैजा लावल्या तर लाखाची उलाढाल होते, आणि सरासरीने पाच हजार हातचे जातात. मालक सज्जन असो वा लबाड, परवाना असो वा नसो, हे गणित फिरत नाही. परवाना एवढेच सांगतो की तू हरशील तो प्रामाणिक फाशांनी हरशील. गेलेले पैसे भरून काढण्याचे साधन म्हणून दोन्ही दारे सारखीच.

तो हिशेबाचा मुलगा. कागदाकडे बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "हे मला येत होते, सर." त्याला येत होतेच. मोह झाला की माणसाचे गणित जात नाही. ते मांडण्याची त्याची इच्छा जाते.

त्याच आठवड्यात त्याने वडिलांना सर्व सांगितले. लग्न साधेपणाने झाले. पैसे आलेले नाहीत, आणि ते येतील अशी आशा मी त्याला दाखविली नाही. मात्र ज्यांची फसवणूक ताजी आहे त्यांनी विलंब न करता 1930 या सायबर गुन्ह्यांच्या क्रमांकावर कळवावे. रक्कम पुढे सरकण्याआधी अडविता येण्याचा संभव असतो. मन खचले असेल तर टेलिमानसचा 14416 हा क्रमांक आहे.

वडीलधाऱ्यांना मात्र एक विनंती आहे. आपला मुलगा रात्री उशिरापर्यंत फोन पाहतो, पगाराच्या दुसऱ्या आठवड्यात उसने मागतो, सामना संपला की कोणाशी बोलत नाही, असे दिसले तर प्रथम रागावू नये. जवळ बसवून किती गेले ते विचारावे. आकडा एकदा मोठ्याने उच्चारला गेला की पुढचा डाव टाकणे अवघड होते. राज्याचा द्यूताध्यक्ष केव्हा नेमला जाईल ते जावो. घरातली ती जागा रिकामी राहू नये.