तेलाच्या पापुद्र्यावर

टॅपेटचा आवाज हलका, टिकटिक करणारा. तो ऐकत ऐकत वर्षभर गाडी चालवता येते. रॉड बेअरिंगचा ठोका तसा नाही. तो इंजिनाच्या तळातून येतो, जड असतो, आणि इंजिन तापून तेल पातळ झालं की वाढतो. चढ संपल्यावर पाय थोडा हलका केला की तो नेमका ऐकू येतो. आमच्या मारुती ८०० मध्ये तो सुरू झाला तेव्हा गाडीने दीड लाख किलोमीटर कधीच मागे टाकले होते. सिग्नलला थांबलं की ऑइलचा लाल दिवाही लुकलुकू लागला होता. एकेका प्लगची वायर काढून इंजिन चालवलं, तेव्हा मधल्या सिलिंडरची वायर निघताच ठोका दबला. तिथला स्फोट थांबला, रॉडवरचा दाब गेला, म्हणून आवाज गेला.

अशा वेळी लोक सांगतात, इंजिन उतरवा, नाहीतर गाडी काढून टाका. या मॉडेलचं उत्पादन २०१४ च्या जानेवारीत थांबलं, त्यामुळे दुसरा सल्ला जास्त मिळतो. मला दोन्ही घाईचे वाटतात. ७९६ सीसीच्या या तीन सिलिंडरच्या इंजिनात क्रँक जागेवर ठेवून, फक्त खालचा ऑइल चेंबर उतरवून रॉड बेअरिंगं बदलता येतात. क्रँकची पिन खराब झालेली नसली पाहिजे, एवढीच अट. आणि ती खराब आहे की नाही, हे उघडून मोजल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही.

हे बेअरिंग म्हणजे छर्‍यांचं बेअरिंग नव्हे. कनेक्टिंग रॉडचं मोठं तोंड क्रँकच्या पिनेला धरतं, त्या तोंडात दोन पातळ अर्धगोल शेल बसतात. पाठ पोलादाची, आत तांबं-शिसं किंवा अ‍ॅल्युमिनियम-कथिल अशा मऊ मिश्रधातूचा थर. पण चालत्या इंजिनात भार या धातूवर नसतोच, नसायला हवा. तो असतो तेलावर. १८८३ साली ब्युचॅम्प टॉवर या इंग्रज अभियंत्याने रेल्वेच्या बेअरिंगवर प्रयोग करताना वरच्या भागात तेल घालण्यासाठी एक भोक पाडलं. फिरत्या दांड्याने तेल उलट त्या भोकातून वर ढकललं. लाकडी खुंटी ठोकून भोक बंद केलं, तर तीही बाहेर आली. मग टॉवरने तिथे दाबमापक लावला आणि कळलं की फिरणारा दांडा स्वतःच तेल ओढून पाचरीसारखं फटीत कोंबतो आणि त्या दाबावर तरंगतो. १८८६ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी त्याचं गणित मांडलं. चेंबरखाली पडून काम करताना मला हा प्रयोग हमखास आठवतो. कारण आपण बसवतो तो शेल, पण जपायची असते ती फट. छोट्या गाडीत ती साधारण ०.०२ ते ०.०५ मिलिमीटर, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी. ती वाढली की तेल कडेने निसटतं, दाब पडतो, दिवा लुकलुकतो, आणि दर स्फोटाला धातू धातूवर आपटतो.

खालचं काम अंगमेहनतीचं आहे, अवघड नाही. गाडी भक्कम स्टँडवर, नुसत्या जॅकवर कधीच नाही. तेल काढायचं, सायलेन्सरचा पुढचा पाइप सोडायचा, चेंबर उतरवायचा. मग क्रँक हाताने फिरवून एकेक पिन खाली आणायची आणि कॅप सोडायची. कॅप आणि रॉड हे जन्माचे जोडीदार असतात. एकाची कॅप दुसर्‍याला चालत नाही, उलटी फिरवलेलीही चालत नाही, म्हणून सोडण्याआधी खुणा करायच्या. रॉडच्या बोल्टांवर रबरी नळीचे तुकडे चढवायचे, म्हणजे रॉड वर सरकवताना आटे पिनेला ओरखडणार नाहीत.

निघालेले शेल मी लगेच फेकत नाही. ते पुसून, ओळीने मांडून उजेडात पाहते. सगळ्या कामात मला सर्वांत प्रिय वेळ ही. स्फोटाचा धक्का रॉडकडच्या वरच्या शेलवर येतो, त्यामुळे तो जास्त झिजतो. खालच्या कॅपमधला बराच शाबूत असतो. गोलाईच्या दिशेने रेघा असतील तर तेलातून कचरा गेला. एकाच कडेला झीज असेल तर रॉड वाकडा आहे का, हे तपासावं. काळपट, पुसट झालेला भाग दिसला तर तेल कमी पडलं होतं. आमच्या मधल्या शेलवर राखाडी थर जाऊन तांबूस रंग उघडा पडला होता, रेघा मात्र नव्हत्या. म्हणजे धूळ नव्हे, लांबलेलं तेल बदलणं आणि शहरातल्या छोट्या फेर्‍या. थंड इंजिन सुरू होतं त्या क्षणी फटीतला तेलाचा पापुद्रा तयार झालेला नसतो, आणि अशा सुरुवाती शहरातच जास्त होतात.

आता पिन. नख फिरवून ओरखडा लागतो का ते पाहायचं, मग मायक्रोमीटरने आडवी-उभी, दोन्ही टोकांना मोजायची. पुण्याच्या नाना पेठेत सुट्या भागांच्या दुकानदाराचा पहिला प्रश्न हाच असतो. "ताई, क्रँक मोजला का? स्टँडर्ड देऊ की अंडरसाइज?" मोजमापाचा कागद दाखवला की त्याचा स्वर बदलतो. पिन लंबगोल झाली असेल तर नवे शेल घालणं म्हणजे पैसे आणि क्रँक दोन्ही घालवणं. मग इंजिन उतरवून क्रँकचं ग्राइंडिंगच करायला हवं, आणि त्यावर अंडरसाइज शेल. आमची पिन गोल निघाली, म्हणून स्टँडर्ड.

शेलच्या पाठीला आणि रॉडच्या तोंडाला तेलाचा थेंबही नको. पाठ कोरडी टेकली तरच उष्णता रॉडमध्ये जाते आणि शेल जागचा हलत नाही. आधी पिनेवर प्लास्टिगेजचा मऊ धागा ठेवून कॅप पूर्ण टॉर्कला आवळायची, क्रँक जराही न फिरवता पुन्हा सोडायची, आणि चपटलेल्या धाग्याची रुंदी पट्टीवर पाहायची. फट पुस्तकातल्या मर्यादेत आली तरच धागा पुसून, शेलच्या आतल्या बाजूला भरपूर तेल लावून, टॉर्क पान्याने दोन-तीन टप्प्यांत शेवटचं आवळणं. शेलच्या कडा कॅपच्या तोंडाबाहेर किंचित डोकावतात. ते मुद्दाम असतं, आवळल्यावर शेल घट्ट बसावा म्हणून. कॅप घासून त्या कडा सपाट करणारे कारागीर मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या हातात मी गाडी देणार नाही. गॅरेजवाल्याचा हात माझ्याहून कितीतरी सफाईचा असतो. पण दुसर्‍या दिवशी गिर्‍हाईक उभं असताना त्याने प्रत्येक पिन पुन्हा पुन्हा मोजावी, ही अपेक्षा अन्यायाची आहे. घरी ते करता येतं.

चेंबर लावताना गॅस्केट पेस्ट बेताची. आत ओघळलेला गोळा सुटला तर तेलाच्या जाळीवर जाऊन बसतो, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. इग्निशन तोडून, दिवा विझेपर्यंत नुसता स्टार्टर फिरवायचा, आणि मगच इंजिन सुरू करायचं. पहिलं तेल पाचशे किलोमीटरला बदलते आणि जुना फिल्टर कापून कागद उलगडते. त्यात चमकणारे कण दिसले तर लोहचुंबक लावून पाहायचा. चुंबकाला चिकटले तर ते पोलाद, दुसर्‍या कुठल्या भागाचं. न चिकटणारे तांबूस किंवा रुपेरी कण अजून येत असतील, तर चेंबर पुन्हा खाली.